प्युरिटन समाजविषयक कथात्म साहित्यातील पाप, अपराधभाव आणि जाहीर लज्जा

गोषवारा

सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये वसलेल्या प्युरिटन समाजाने पाप ही केवळ व्यक्ती आणि ईश्वर यांच्यातील बाब मानली नाही. ती समग्र समुदायाच्या अस्तित्वाशी निगडित मानली. त्यामुळे पापाची जाहीर वाच्यता, जाहीर कबुली आणि जाहीर शिक्षा यांना तेथील धर्मजीवनात व न्यायव्यवहारात मध्यवर्ती स्थान मिळाले. नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) या कादंबरीच्या आणि काही कथांच्या आधारे, तसेच आर्थर मिलर यांचे 'द क्रूसिबल' (१९५३) हे नाटक व काही उत्तरकालीन कादंबऱ्या यांच्या अनुषंगाने, प्रस्तुत लेखात पाप, अपराधभाव आणि लज्जा या तीन संकल्पनांतील परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. लादलेल्या जाहीर लज्जेतून पश्चात्ताप निर्माण होतो, हे प्युरिटन व्यवस्थेचे गृहीतक या साहित्यकृती कशा रीतीने तपासतात, हा या विवेचनाचा मुख्य विषय आहे.

बीजशब्द : प्युरिटन, पाप, अपराधभाव, लज्जा, कबुली, हॉथॉर्न, मिलर, सेलम.

१. प्रस्तावना

अमेरिकन साहित्याच्या अभ्यासात 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीचे स्थान अनन्यसाधारण आहे. विवाहबाह्य संबंधातून मूल झालेल्या हेस्टर प्रिन या स्त्रीला बॉस्टनचे न्यायाधिकारी भर चौकातील शिक्षेच्या चौथऱ्यावर उभे करतात आणि छातीवर लाल रंगाचे 'ए' हे अक्षर आजन्म धारण करण्याची शिक्षा देतात. इंग्रजीत व्यभिचार या अर्थाच्या शब्दाचे ते आद्याक्षर होय. या कादंबरीकडे बहुधा एका स्त्रीवरील अन्यायाची कथा म्हणून पाहिले जाते. ते वाचन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. हेस्टरला शिक्षा देणारा समाज केवळ क्रूर असता तर कादंबरीचा प्रश्न फार सोपा झाला असता. हा समाज स्वतःच्या समजुतीप्रमाणे तिच्या आत्म्याची काळजी वाहत असतो, आणि ही काळजीच शिक्षेचे रूप घेते. पापी व्यक्तीला सर्वांसमक्ष लज्जित केले की तिच्या अंतःकरणात पश्चात्ताप उत्पन्न होईल, अशी त्याची श्रद्धा आहे. ही श्रद्धा खरी ठरते काय, हा प्रश्न हॉथॉर्न यांनी उपस्थित केला आणि पुढील लेखकांनी तो आपापल्या परीने पुढे नेला.

२. संकल्पनांचे स्वरूप

पाप, अपराधभाव आणि लज्जा या संज्ञा व्यवहारात पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. विवेचनाच्या सोयीसाठी त्यांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. पाप म्हणजे ईश्वरी नियमाचे उल्लंघन. अपराधभाव म्हणजे त्या उल्लंघनाची व्यक्तीला स्वतःच्या मनात होणारी बोचणी. तिला साक्षीदाराची गरज नसते. लज्जा मात्र दुसऱ्याच्या दृष्टीची अपेक्षा करते. मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ मध्ये जपानी संस्कृतीवरील आपल्या ग्रंथात लज्जाप्रधान आणि अपराधभावप्रधान संस्कृती असा भेद मांडला. या भेदाच्या चौकटीत प्युरिटन समाज पूर्णपणे बसत नाही. त्याची धर्मश्रद्धा कमालीची अंतर्मुख होती, तर त्याची शिक्षापद्धती कमालीची बहिर्मुख होती. या विसंगतीतूनच प्युरिटन समाजाविषयीच्या कथात्म साहित्यातील संघर्ष निर्माण होतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक भेद महत्त्वाचा ठरतो. आपल्या परंपरेत पापासाठी प्रायश्चित्ताची कल्पना आहे. विहित व्रत, दान किंवा तीर्थस्नान केले असता पापाचे क्षालन होते, असे ती सांगते. रोमन कॅथलिक पंथातही धर्मगुरूजवळ खाजगीत पापनिवेदन करून क्षमा मिळवण्याचा संस्कार आहे. प्युरिटनांनी हा संस्कार नाकारला. मनुष्याने केलेल्या कोणत्याही कृत्याने पाप धुतले जात नाही, तारण केवळ ईश्वरी कृपेने होते, अशी त्यांची धारणा होती. परिणामी पापी व्यक्तीपाशी आपले ओझे उतरवून ठेवण्याची विहित जागाच उरली नाही. 'द स्कार्लेट लेटर'मधील धर्मोपदेशक डिम्सडेल याची कोंडी समजून घेण्यास ही गोष्ट विशेष उपयुक्त आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडच्या चर्चमधील कॅथलिक अवशेष दूर करून ते शुद्ध करावे, असे मानणाऱ्या पंथीयांना प्युरिटन हे नाव पडले. त्यांच्यातील फुटीर गटाने १६२० मध्ये प्लिमथ येथे वसाहत केली. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीची मोठी तुकडी आली व बॉस्टन शहर वसले. विन्थ्रॉप यांनी त्या वर्षी केलेल्या प्रसिद्ध प्रवचनात नव्या वसाहतीची कल्पना टेकडीवरील नगराप्रमाणे सर्व जगाच्या नजरेसमोर असलेला समाज अशी मांडली होती. ईश्वराशी या समाजाचा सामूहिक करार झाला आहे आणि तो मोडल्यास कोप सर्वांवर होईल, असा त्यातील आशय होता. एकाचे पाप म्हणजे सर्वांवरील संकट, हे तत्त्व येथून निघते. शेजाऱ्याच्या आचरणावर लक्ष ठेवणे ही अशा समाजात चौकसपणाची बाब न राहता धर्मकर्तव्य ठरते.

दुसरे सूत्र पूर्वनियतीच्या सिद्धान्ताचे होते. जॉन काल्विन यांच्या शिकवणुकीनुसार कोणाचे तारण होणार हे ईश्वराने आधीच निश्चित केलेले असते. आपण निवडलेल्यांपैकी आहोत किंवा नाही, हे मनुष्याला खात्रीने कळू शकत नाही. मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचे सदस्यत्व मिळवण्यासाठी १६३० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्या अंतःकरणातील कृपानुभव मंडळीसमोर कथन करावा लागे, आणि १६३१ पासून मताधिकारही चर्च सदस्यांपुरता मर्यादित होता. जे मुळात अदृश्य व अनिश्चित, त्याचा दृश्य पुरावा मागणारी ही व्यवस्था होती.

तिचे एक बोलके उदाहरण कॅप्टन जॉन अंडरहिल यांचे आहे. पीक्वॉट युद्धातील या सेनाधिकाऱ्याने व्यभिचाराची कबुली दिली. परंतु त्याची पहिली कबुली बॉस्टनच्या चर्चला पुरेशी वाटली नाही व १६४० मध्ये त्याला बहिष्कृत करण्यात आले. त्याच वर्षी मळकट टोपी डोळ्यांवर ओढून, अश्रू ढाळीत त्याने पुन्हा कबुली दिली. ती मात्र मान्य झाली. पश्चात्ताप खरा की खोटा हे मंडळी बाह्य चिन्हांवरून ठरवीत होती, हे या प्रसंगावरून दिसते.

कायदाही कठोर होता. १६४१ च्या संहितेनुसार मॅसॅच्युसेट्समध्ये व्यभिचाराला देहान्ताची शिक्षा होती. १६४४ मध्ये मेरी लॅथम ही सुमारे अठरा वर्षांची विवाहिता आणि जेम्स ब्रिटन यांना या गुन्ह्यासाठी फाशी देण्यात आले. प्लिमथ वसाहतीच्या १६५८ च्या कायद्यात अपराध्यांनी वस्त्रावर दोन अक्षरे शिवून वागवावीत, अशी तरतूद होती. मॅसॅच्युसेट्सने १६९४ मध्ये केलेल्या कायद्यात 'ए' या एकाच अक्षराचा उल्लेख येतो. हेस्टरची कथा १६४२ ते १६४९ या काळात घडते. म्हणजेच तिच्या शिक्षेचे तपशील इतिहासातून घेतलेले असले, तरी हॉथॉर्न यांनी नंतरच्या काळातील शिक्षा आधीच्या काळात नेली आहे. मृत्युदंड टाळून चिन्हाची शिक्षा निवडल्यामुळे त्यांना शिक्षेनंतरचे सारे आयुष्य चित्रित करता आले. फाशी गेलेल्या स्त्रीची कथा एका दिवसात संपली असती.

हॉथॉर्न यांचा या इतिहासाशी कौटुंबिक संबंधही होता. १८०४ मध्ये सेलम येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज विल्यम हॅथॉर्न यांनी क्वेकर पंथीयांचा छळ केला होता, तर दुसरे पूर्वज जॉन हॅथॉर्न हे १६९२ च्या सेलम येथील चेटूक प्रकरणात न्यायाधिकारी होते. पूर्वजांच्या कृत्यांची लाज आपण स्वतःवर घेतो, अशा आशयाचे विधान कादंबरीच्या 'द कस्टम-हाउस' या प्रास्ताविकात येते. १८४९ मध्ये सेलमच्या जकात कार्यालयातील नोकरीवरून दूर केले गेल्यानंतर त्यांनी ही कादंबरी लिहिली.

४. हेस्टर : लज्जा आहे, परंतु अपेक्षित पश्चात्ताप नाही

कादंबरीच्या आरंभी हेस्टर तुरुंगातून बाहेर येते, तेव्हा तिच्या छातीवरील अक्षर सोनेरी धाग्याने अतिशय कलात्मकतेने भरलेले असते. जमलेल्या स्त्रियांना हे उद्दामपणाचे वाटते. त्यांपैकी एकीला कपाळावर डाग द्यायला हवा होता असे वाटते, तर दुसरी तिच्या मृत्यूचीच मागणी करते. न्यायालयाने दिलेले चिन्ह हेस्टर नाकारत नाही. ती ते आपल्या हातांनी घडवते. शिक्षेच्या वस्तूवर तिच्या कारागिरीचा ठसा उमटतो आणि त्या क्षणापासून त्या चिन्हावर न्यायालयाची एकट्याची मालकी उरत नाही.

चौथऱ्यावर तिला तीन तास उभे राहावे लागते. मुलीच्या पित्याचे नाव सांगण्याचा आग्रह होतो आणि ती ते सांगत नाही. लज्जा सोसण्यास ती तयार आहे. परंतु दुसऱ्याला लज्जेच्या स्वाधीन करण्यास ती तयार नाही. पुढे गावाच्या कडेला राहून ती शिवणकामावर निर्वाह करते. तिच्या हातचे भरतकाम गव्हर्नरांच्या पोशाखावर चालते. नववधूच्या मुखवस्त्रासाठी मात्र तिला कोणी बोलावीत नाही. समाज तिच्या श्रमाचा उपयोग करून घेतो आणि त्याच वेळी तिच्या स्पर्शातील कलंकाची आठवणही जिवंत ठेवतो. अशा बारीक तपशिलांतून लज्जेचे दैनंदिन स्वरूप लेखकाने फार प्रभावीपणे दाखवले आहे.

सात वर्षांच्या काळात रुग्णसेवा आणि परोपकार यांमुळे लोक त्या अक्षराचा अर्थ बदलू लागतात. समर्थ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षरही तेच असल्याने अनेकजण तसा अर्थ लावतात. अक्षराचा अर्थ असा पालटू शकतो, हे बीज हॉथॉर्न यांच्या 'एन्डिकॉट अँड द रेड क्रॉस' या आधीच्या कथेत आढळते. तेथेही एका तरुणीने शिक्षेचे अक्षर सोनेरी धाग्याने असे भरले आहे की, ते प्रशंसेचे वाटावे. तथापि कादंबरी या बदलावर समाधान मानत नाही. बाहेरून शांत दिसणाऱ्या हेस्टरच्या मनात धर्म, समाज आणि स्त्रीचे स्थान यांविषयी धाडसी विचार घोळत असतात, आणि लाल अक्षराने आपले नेमून दिलेले काम केलेले नाही, असा अभिप्राय निवेदक नोंदवतो. समाजाला दिसणारी नम्रता आणि तिच्या अंतरंगातील स्वातंत्र्य यांत अंतर पडलेले असते. जंगलातील भेटीत ती डिम्सडेलला आपल्या संबंधालाही स्वतःचे असे पावित्र्य होते, याची आठवण करून देते. पश्चात्ताप करणारी व्यक्ती असे म्हणणार नाही.

म्हणून हेस्टरला पापाची जाणीवच नव्हती, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. वृद्ध व विद्वान पतीला आपण फसवले, हे ती त्याच्यासमोर मान्य करते. आपल्या संतापी मुलीत आपल्याच अपराधाची छाया आहे की काय, या भीतीने ती ग्रासलेली असते. तिला अपराधभाव आहे. परंतु तो न्यायालयाने आखून दिलेल्या मापाचा नाही. तो विशिष्ट व्यक्तींविषयीच्या तिच्या जबाबदारीतून उगवतो, आणि तो निर्माण करण्याचे श्रेय चौथऱ्याला देता येत नाही.

५. डिम्सडेल : अपराधभाव आहे, परंतु लज्जा नाही

हेस्टरच्या अगदी उलट अवस्था आर्थर डिम्सडेल या तरुण धर्मोपदेशकाची आहे. मुलीचा पिता तोच; आणि चौथऱ्यावरील हेस्टरला पित्याचे नाव सांगण्याचे आवाहन त्यालाच करावे लागते. यातील उपरोध केवळ नाट्यमय नाही. गुप्त पापाचे ओझे वाहण्यापेक्षा उघड अपमान बरा, हे तो तिला उद्देशून बोलतो. परंतु ते त्याने स्वतःविषयी केलेले निदान असते.

डिम्सडेल गुप्तपणे स्वतःला चाबकाने मारतो, उपवास करतो, रात्ररात्र जागतो. कॅथलिक देहदंडाचे हे प्रकार त्याच्या स्वतःच्या पंथाला अमान्य आहेत आणि त्यांनी पाप जात नाही, हे त्याला ठाऊक आहे. तो व्यासपीठावरून आपण सर्वांत अधम पापी असल्याचे अनेकदा सांगतो. मात्र पापीपणाची सर्वसाधारण कबुली ही प्युरिटन प्रवचनाची रूढ भाषाच असल्याने श्रोत्यांना तीत त्याचे पावित्र्य दिसते. त्याचे प्रत्येक वाक्य शब्दशः खरे असूनही परिणामाने असत्य ठरते, आणि हे आधीच ठाऊक असूनही तो ते उच्चारतो. कबुलीच ढोंगाचे साधन बनण्याचा हा प्रकार कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म मानसशास्त्रीय निरीक्षणांपैकी एक आहे.

कादंबरीत चौथऱ्याचा प्रसंग तीनदा येतो आणि तिची रचना त्यावर उभी आहे. पहिल्या प्रसंगी दिवसाढवळ्या हेस्टर चौथऱ्यावर उभी आहे, तर डिम्सडेल प्रतिष्ठितांच्या सज्जात आहे. दुसऱ्या प्रसंगी मध्यरात्री तो स्वतः तेथे चढतो. हेस्टर आणि पर्ल यांचे हात हातात घेतो. पण पाहणारे गाव झोपलेले असते. दिवसाउजेडी तू आमच्याबरोबर उभा राहशील काय, असे पर्ल विचारते आणि तो नकार देतो. त्या वेळी आकाशात उल्केच्या प्रकाशात त्याला 'ए' हे अक्षर दिसते. त्याच रात्री गव्हर्नर विन्थ्रॉप यांचे निधन झालेले असल्याने गावकरी मात्र त्या अक्षराचा अर्थ देवदूत असा लावतात. तिसऱ्या प्रसंगी, निवडणूक दिनाच्या प्रवचनानंतर, कीर्तीच्या शिखरावर असताना तो हेस्टर व पर्ल यांना घेऊन चौथऱ्यावर चढतो, कबुली देतो आणि तेथेच प्राण सोडतो.

वाचकाला येथे सत्याचा विजय अपेक्षित असतो. हॉथॉर्न तो सरळपणे देत नाहीत. शेवटच्या प्रकरणात साक्षीदारांचे एकमत होत नाही. त्याच्या छातीवर अक्षर उमटलेले दिसले, असे बहुतेकजण म्हणतात. पण ते त्याने स्वतः कोरले, चिलिंगवर्थच्या औषधांनी उमटले की पश्चात्तापाने आतून बाहेर आले, याविषयी मतभेद राहतात. काही सन्माननीय साक्षीदार तर छातीवर काहीच नव्हते असे सांगतात. त्यांच्या मते सर्वच मानव पापी आहेत हा बोध देण्यासाठी त्या पवित्र पुरुषाने आपल्या मृत्यूचे दृष्टान्तात रूपांतर केले. ज्यांना पाप पाहायचे नसते, त्यांच्यापुढे ते उघडे करूनही दिसत नाही. हेस्टरच्या बाबतीत मात्र असा मतभेद एकदाही उद्‌भवला नव्हता. जाहीर लज्जा सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. स्त्रीचे गर्भारपण तिचे पाप दृश्य करते, तर पुरुषाची प्रतिष्ठा त्याचे पाप झाकते, ही विषमता या दोन प्रसंगांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

६. चिलिंगवर्थ आणि पाहणारा समुदाय

हेस्टरचा पती रॉजर चिलिंगवर्थ याच्यावर मुळात अन्याय झालेला आहे. तरीही कादंबरीच्या नैतिक तराजूत त्याचेच पाप सर्वांत जड ठरते. तो वैद्य म्हणून डिम्सडेलच्या घरात राहतो आणि त्याचे मन थंडपणे खोदत राहतो. दुसऱ्याच्या अंतःकरणाच्या पावित्र्याचा भंग हे हॉथॉर्न यांच्या साहित्यात सर्वांत गंभीर पाप मानले गेले आहे. विशेष म्हणजे चिलिंगवर्थ जे एकटा आणि गुप्तपणे करतो, तेच प्युरिटन न्यायालय सार्वजनिकपणे करू पाहत असते. हेतूंत फरक आहे. सूडबुद्धी एकीकडे, आत्मकल्याण दुसरीकडे. परंतु दुसऱ्याच्या मनाचा तळ आपल्याला गाठता येतो आणि गाठण्याचा अधिकारही आहे, हे गृहीतक दोघांचे समान आहे.

पाहणाऱ्या समुदायाचे स्वतःचे काय होते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन यांनी १९६६ मधील 'वेवर्ड प्युरिटन्स' या ग्रंथात मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीचा अभ्यास करून असे दाखवले की, विचलितांना जाहीर शिक्षा देऊन समाज स्वतःच्या सीमारेषा निश्चित करीत असतो. चौथऱ्यावर उभी असलेली स्त्री उरलेल्यांना आपण आतले आहोत याची खात्री देते. पूर्वनियतीच्या सिद्धान्ताने प्रत्येकाच्या मनात जी अनिश्चितता पेरली होती, तिच्यावर हा उतारा होता. हेस्टरला मात्र आपल्या अक्षरामुळे इतरांच्या अंतरंगातील गुप्त पापांचीही चाहूल लागते, असे कादंबरीत म्हटले आहे. गाव जे आपल्यापासून दूर करू पाहत होते, त्याचेच ती त्याला प्रतिबिंब दाखवते.

७. 'यंग गुडमन ब्राउन' आणि 'द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल'

हॉथॉर्न यांच्या दोन कथांत हाच प्रश्न अधिक आटोपशीर रूपात येतो. 'यंग गुडमन ब्राउन' (१८३५) या कथेतील तरुण रात्री जंगलात जातो. तेथे सैतानाच्या सभेत त्याला गावातील सर्व धर्मनिष्ठ माणसे आणि स्वतःची पत्नी फेथ दिसते. ते स्वप्न होते की सत्य, हे लेखक सांगत नाही. परंतु त्यानंतर ब्राउन कोणावरच विश्वास ठेवू शकत नाही आणि खिन्न अवस्थेत आयुष्य संपवतो. इतरांचे पाप पाहिल्याचा समज हेच त्याच्या विनाशाचे कारण ठरते. स्वतः आपण त्या सभेला का निघालो होतो, हा प्रश्न तो विचारीत नाही.

'द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल' (१८३६) या कथेत हूपर हा धर्मोपदेशक एके दिवशी चेहऱ्यावर काळा पडदा घेऊन चर्चमध्ये येतो आणि मरेपर्यंत तो काढीत नाही. त्याने कोणते पाप केले, हे वाचकाला कळत नाही. त्याची वाग्दत्त वधू त्याला सोडून जाते, लहान मुले त्याला पाहून पळतात. मरणोन्मुख पापी मात्र त्यालाच बोलावतात. येथे कोणी शिक्षा दिलेली नसताना लज्जेचे चिन्ह स्वीकारले गेले आहे. समुदाय अस्वस्थ होतो, कारण या चिन्हाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती उरलेला नाही. शिवाय मृत्युशय्येवरून हूपरला भोवतालच्या प्रत्येक चेहऱ्यावर तसाच पडदा दिसतो. हेस्टरचे अक्षर तिला इतरांपासून वेगळे काढते. हूपरचा पडदा सर्वांना एकाच रांगेत बसवतो.

८. कबुलीची किंमत : सेलम आणि 'द क्रूसिबल'

कबुली हेच सत्याचे लक्षण मानणारी व्यवस्था कोणत्या टोकाला जाते, हे १६९२ च्या सेलम प्रकरणात दिसून आले. दीडशेहून अधिक लोकांवर चेटुकाचा आरोप झाला; १९ जणांना फाशी देण्यात आले आणि आरोपाचे उत्तर देण्यास नकार देणारे जाइल्स कोरी अंगावर ठेवलेल्या दगडांच्या भाराखाली मरण पावले. आपल्या कबुलीवर ठाम राहिलेल्यांपैकी कोणालाही फाशी झाले नाही. निर्दोषत्वाचा आग्रह धरणारे मात्र मारले गेले. खोटे बोलणारा वाचतो आणि खरे बोलणारा मरतो, अशी ही उलटी व्यवस्था होती. शिवाय कबुली पूर्ण मानली जाण्यासाठी इतरांची नावे सांगणे अपेक्षित असे, त्यामुळे प्रत्येक कबुलीतून नवे आरोपी तयार होत.

आर्थर मिलर यांचे 'द क्रूसिबल' जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम रंगभूमीवर आले. अमेरिकेतील साम्यवादविरोधी चौकश्यांचा तो काळ होता. १९५६ मध्ये स्वतः मिलर यांना संसदीय समितीपुढे जावे लागले आणि इतरांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. नाटकातील जॉन प्रॉक्टर हा व्यभिचाराच्या खऱ्या अपराधभावाने खचलेला आहे. हा संबंध मिलर यांची कल्पना आहे. इतिहासातील प्रॉक्टर साठीच्या घरातील गृहस्थ आणि ॲबिगेल ही अकरा-बारा वर्षांची मुलगी होती. नाटककाराने वये बदलून एकाच माणसात दोन आरोप एकत्र आणले : एक खरा, ज्याविषयी न्यायालयाला आस्था नाही, दुसरा खोटा, ज्याची कबुली न्यायालयाला हवी आहे. खऱ्या पापाची लाज तो पत्नीच्या सुटकेसाठी भर न्यायालयात स्वतःहून पत्करतो. शेवटी प्राण वाचवण्यासाठी तो चेटुकाची खोटी कबुली तोंडी देतो, कागदावर सहीसुद्धा करतो. परंतु तो कागद चर्चच्या दारावर लावला जाणार हे कळताच तो फाडून टाकतो आणि फाशी जातो. आपल्या नावाचा उपयोग इतरांना नमवण्यासाठी व्हावा, हे त्याला मान्य नसते. हेस्टरच्या मौनाशी प्रॉक्टरच्या नकाराचे नाते जुळते. दोघेही स्वतःची लज्जा स्वीकारतात. दुसऱ्याला तिच्या स्वाधीन करीत नाहीत.

इतिहासाने याला एक पूरक घटना दिली आहे. सेलमच्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सूअल हे १४ जानेवारी १६९७ रोजी बॉस्टनमधील आपल्या चर्चमध्ये सर्वांसमक्ष उभे राहिले आणि धर्मोपदेशकाने त्यांचे दोषनिवेदन वाचून दाखवले. त्या निकालांचा दोष व लज्जा त्यांनी स्वतःवर घेतली. जॉन हॅथॉर्न यांनी असे केल्याची नोंद नाही. प्युरिटन परंपरेतील जाहीर कबुली सत्याचे साधन होऊ शकत होती, हे सूअल यांच्या उदाहरणावरून कळते. मात्र त्यासाठी ती बळजबरीची नसावी लागते, आणि तिने इतर कोणाला गोवू नये लागते.

९. उत्तरकालीन पुनर्लेखन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाकडे वगळल्या गेलेल्यांच्या दृष्टीतून पाहिले गेले. मारीझ काँदे यांच्या १९८६ मधील फ्रेंच कादंबरीची नायिका टिट्युबा ही गुलाम स्त्री आहे; सेलम प्रकरणात सर्वप्रथम कबुली देणारी ती ऐतिहासिक व्यक्ती. काँदे यांनी तिची तुरुंगात थेट हेस्टरशी गाठ घालून दिली आहे. न्यायाधीशांना काय ऐकायचे आहे, ते हेस्टर तिला शिकवते. कबुली येथे आत्मनिवेदन न राहता जीव वाचवण्यासाठी केलेली तालीम होते. भारतात जन्मलेल्या भारती मुखर्जी यांच्या 'द होल्डर ऑफ द वर्ल्ड' (१९९३) या कादंबरीत सेलमची हॅना कोरोमंडल किनाऱ्यावर येते, एका हिंदू राजाच्या प्रेमात पडते आणि पर्ल नावाच्या मुलीसह परत जाते. ज्या कृत्याला एका समाजाच्या चौकटीत केवळ पाप हे नाव आहे, ते सागर ओलांडताच दुसऱ्या भाषेत सांगता येते, असे ही कादंबरी सुचवते.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्युरिटन समाजात जाहीर लज्जेची प्रथा केवळ कठोरपणातून आली नाही. सामूहिक कराराची कल्पना आणि तारणाविषयीची अनिश्चितता यांतून ती तर्कसंगतपणे निर्माण झाली.

२) लादलेली लज्जा पश्चात्ताप निर्माण करते, हे गृहीतक या साहित्यकृती खोटे ठरवतात. हेस्टर लज्जित होते, पण न्यायालयाला हवा तो पश्चात्ताप तिला होत नाही; डिम्सडेल पश्चात्तापाने जळतो, पण लज्जित होत नाही.

३) लज्जेच्या चिन्हाचा अर्थ शिक्षा देणाऱ्याच्या हाती कायम राहत नाही. धारण करणारी व्यक्ती आणि पाहणारा समुदाय दोघेही तो बदलतात.

४) कबुलीचे नैतिक मूल्य तिच्या स्वेच्छेवर अवलंबून असते. तिच्यासाठी प्राणांची किंवा इतरांच्या नावांची किंमत मागितली गेली की ती असत्याची जननी ठरते.

५) जाहीर लज्जेचे वाटप समान नसते. स्त्री, गुलाम आणि प्रतिष्ठाहीन यांच्यावर ती सहज स्थिरावते.

कादंबरीच्या अखेरीस परदेशातून परतलेली हेस्टर ते अक्षर पुन्हा धारण करते. त्या वेळी कोणताही न्यायाधिकारी तशी सक्ती करू शकला नसता, असे निवेदक नमूद करतो. तिच्या झोपडीत दुःखी स्त्रिया सल्ल्यासाठी येतात. शिक्षा म्हणून जे साधले नव्हते, ते स्वीकार म्हणून साधते. परंतु सर्वांनाच असा अवसर मिळत नाही. सेलम प्रकरणात दोषी ठरवल्या गेलेल्या, पण फाशीतून वाचलेल्या एलिझाबेथ जॉन्सन (धाकटी) हिचे नाव त्यानंतरच्या दोषमुक्तीच्या ठरावांतून राहून गेले होते. शाळकरी विद्यार्थ्यांच्या प्रयत्नांनंतर मॅसॅच्युसेट्सने २०२२ मध्ये ते कलंकमुक्त केले. एका निकालाने काही दिवसांत लावलेली लज्जा पुसण्यास तीन शतकांहून अधिक काळ लागला, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली असता या साहित्याने उपस्थित केलेल्या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.